प्युरिफायर घेण्याआधी झोपण्याची खोली मोजा

दिवाळीच्या तोंडावर दर वर्षी हा प्रश्न येतो: "एअर प्युरिफायर घ्यायचाय, कोणत्या कंपनीचा घेऊ?" विचारणाऱ्याच्या घरात बहुधा दमा असलेलं मूल असतं, थंडी पडली की खोकून हैराण होणारे आजोबा असतात, नाहीतर खिडकीसमोरच पुनर्विकासासाठी इमारत पाडायला घेतलेली असते. काळजी खरी असते आणि खर्चही दहा-पंधरा हजारांच्या घरातला. म्हणून मी आधी उलट विचारते: झोपायची खोली किती बाय किती? छत किती उंच? रात्री यंत्राचा आवाज किती चालेल? ही उत्तरं हातात आली की निवड सोपी होते आणि कंपनीचं नाव पुष्कळ मागे पडतं.

आपल्याकडे हे यंत्र लागतं कधी, ते आधी पाहू. मुंबई-पुण्यात पावसाळ्याचे चार महिने हवा धुऊन निघते. पाऊस ओसरला, वारा पडला आणि रात्री गार होऊ लागल्या की जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, कुठेतरी पेटवलेला कचरा, सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर साचून राहतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कळीचा काळ. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या आणि कोळशाच्या गावात काळजी एवढ्या महिन्यांपुरती राहत नाही. आपल्या भागातली हवा रोज कशी आहे ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर आणि पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या 'सफर' सेवेवर कळतं. आठवडाभर नुसतं बघत राहिलात तरी तुमच्या भागाचा स्वभाव कळू लागतो.

तिथला एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा, आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे १०० पर्यंतच्या हवेला 'समाधानकारक' म्हणतात. पीएम २.५ या सूक्ष्म कणांच्या हिशेबात १०० म्हणजे दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, आणि भारताचं चोवीस तासांचं मानकही तेवढंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली चोवीस तासांची मर्यादा मात्र १५ आहे. म्हणजे धडधाकट माणसासाठी ठीक वाटणारा 'समाधानकारक' दिवस दमेकरी मुलाला सोसेलच असं नाही. घरात फुप्फुसाचा किंवा हृदयाचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर १०० च्या आतल्या दिवसांतही यंत्राचा उपयोग आहे.

हे पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. घरगुती प्युरिफायर हे कण गाळतो आणि ते काम खरोखर चांगलं करतो. पण जवळजवळ तेवढंच करतो. तो प्राणवायू तयार करत नाही. बंद खोलीत श्वासातून साचणारा कार्बन डायऑक्साइड काढत नाही. आणि हे ठळकपणे सांगायला हवं: कार्बन मोनॉक्साइड काढत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने किंवा खोलीत पेटवलेल्या शेगडीने जीव जातात, ते याच वायूने. तिथे मोकळा झरोका आणि बाहेर बसवलेला गिझर हाच उपाय. घरात प्युरिफायर आहे म्हणून शेगडीजवळ खिडकी लावून बसू नका.

कबुतरांचंही तसंच. मुंबई, ठाणे, पुण्यात कितीतरी घरांच्या एसीच्या कट्ट्यावर कबुतरांची वस्ती असते. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना गंभीर आणि कायमचा आजार जडतो. २०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. यंत्र यातली थोडी धूळ पकडेल, पण कट्टा तसाच राहिला तर धूळ येतच राहणार. आधी जाळी लावा. विष्ठा कोरडी खरवडू नका. पाण्याने भिजवून, एन ९५ मास्क लावून काढा. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप महिनोन्महिने जात नसेल तर दुकानाच्या आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा.

आता घरातल्या धुराकडे वळू, कारण पुष्कळ घरांत बाहेरच्यापेक्षा हाच जास्त असतो. डासांची कॉइल सर्वांत वाईट. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून मोजमाप केलं, तेव्हा एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण बाहेर पडले. आपण ही कॉइल पलंगाखाली लावतो, दार लावून घेतो आणि रात्रभर पोरांना तिथेच झोपवतो. खिडकीला बारीक जाळी आणि पलंगावर मच्छरदाणी एवढी सोय केली तर प्युरिफायर न घेताही त्या खोलीतली हवा पालटते. ज्या घराला यंत्र परवडणार नाही त्यांना मी हेच सर्वांत आधी सांगते.

उदबत्ती, धूप आणि कापूर हा नाजूक विषय. देवापुढची उदबत्ती बंद करा असं कुणाला सांगणं मला रुचत नाही. पण देवघर झोपायच्या खोलीत असेल तर हलवता येतं का बघा. जुडगा न लावता एक काडी लावा, तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवा, आरती झाली की उरलेली काडी विझवून ठेवा. समईला धूर फार कमी, रोजची पूजा तिच्यावर होऊ शकते. फटाक्यांत मुलांना निरुपद्रवी म्हणून आपण गॅलरीत सापाची गोळी पेटवून देतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा पीएम २.५ च्या बाबतीत हीच गोळी सर्वांत वर निघाली. आवाज नाही म्हणून अपाय नाही असं आपण धरून चालतो, आणि लहान मूल तर त्या धुरावर ओणवं होऊन साप कसा वाढतो ते बघत असतं.

स्वयंपाकघरात मोजण्याचं छोटं मीटर ठेवून एकदा बघाच. कुकर लावला, भाजी चिरली तोवर आकडा शांत असतो. तेल तापून मोहरी तडतडली, मिरची पडली की तो चढू लागतो. पुऱ्या तळायला घेतल्या की दिवाणखान्यातसुद्धा तीन आकडी होतो आणि जेवणं आटोपली तरी उतरत नाही. यावर प्युरिफायर हा इलाज नव्हे. तेलाची वाफ फिल्टरवर बसली की तो चिकट होऊन वेळेआधी निकामी होतो. पाइप बाहेर काढलेली चिमणी किंवा साधा एक्झॉस्ट फॅन फोडणी द्यायच्या आधी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. बिनपाइपची चिमणी धूर गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते. ती बसवली असेल तर खिडकी उघडायलाच हवी.

एवढं झाल्यावर यंत्राकडे वळू. एकच घ्यायचं असेल तर ते झोपायच्या खोलीसाठी घ्या. दिवसाचे सात-आठ तास सलग आपण तिथे असतो, दार-खिडक्या लावलेल्या असतात, खोली लहान असते. दिवाणखान्यात दार सारखं उघडतं, माणसं येतात-जातात, स्वयंपाकघर जोडलेलं असतं. तिथे ठेवलेलं तेच यंत्र झगडत राहतं. शोभेची वस्तू म्हणून ते टीव्हीशेजारी ठेवायचा मोह होतो; तो टाळा.

आता टेप घेऊन खोली मोजा. यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे सीएडीआर, तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा ते देतं त्याचं माप. खोलीतली सगळी हवा तासाला साधारण पाच वेळा यंत्रातून जाईल एवढी ताकद हवी. आपल्याकडे छत साडेनऊ-दहा फुटांचं धरलं तर हिशेब सोपा आहे: खोलीचे चौरस फूट काढा आणि दीडने गुणा. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची, तिला १८० घनमीटर ताशी सीएडीआर पुरतो. बारा बाय अठराच्या दिवाणखान्याला सव्वातीनशेच्या आसपास लागेल. माहितीपत्रकात आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत दिला असेल तर त्याला १.७ ने गुणलं की घनमीटर ताशी मिळतात. अमेरिकेतल्या घरगुती उपकरण उत्पादकांच्या संघटनेचा ठोकताळा असा, की सीएफएममधला सीएडीआर खोलीच्या चौरस फुटांच्या निदान दोन तृतीयांश असावा. तो आठ फुटी छतांसाठी आहे. आपली छतं उंच असतात, सरकत्या खिडक्यांना फटी असतात, म्हणून दीडपटीचा हिशेब मला जास्त भरवशाचा वाटतो. जुन्या वाड्यात किंवा चाळीत बारा फुटांचं छत असेल तर सीएडीआर त्या प्रमाणात वाढवा.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं 'इतक्या चौरस फुटांसाठी' हे वाक्य मात्र सोडून द्या. समजा यंत्राचा सीएडीआर २०० आहे आणि वर लिहिलंय ४०० चौरस फूट. दहा फुटी छताच्या ४०० चौरस फुटांत सुमारे ११३ घनमीटर हवा असते, म्हणजे ती तासाला दोनदासुद्धा गाळली जात नाही. आकडा खोटा नसेल, पण तुमच्या मुलाच्या दम्याच्या कामाचा नाही. सीएडीआर कुठेच छापलेला नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल तर ते यंत्र घेऊ नका, कितीही सवलत असो.

या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता येते. खोक्यावरचा सीएडीआर हा सर्वांत जोराच्या वेगावरचा असतो. त्या वेगावर बहुतेक यंत्रं पन्नास डेसिबलच्या वर आवाज करतात. अशा आवाजात आजोबा झोपणार नाहीत आणि बाळही झोपणार नाही. मग काय होतं? पहिल्या रात्री यंत्र जोरात लावलं जातं, तासाभरात कुणीतरी उठून 'स्लीप मोड' दाबतं आणि पुढे ते कायम तिथेच राहतं. स्लीप मोडवर हवेचा प्रवाह बहुधा पूर्ण वेगाच्या पाव हिश्श्यावर येतो, काही यंत्रांत त्याहूनही खाली. १८० चा सीएडीआर मोजून-मापून घेतला आणि रात्रभर चाळीस-पंचेचाळीस मिळाला, तर खोली साफ होणार नाही. खर्च मात्र पूर्ण झालेला असतो.

म्हणून खरेदी करताना ज्या वेगावर तुम्ही झोपू शकाल त्या वेगाचा सीएडीआर विचारा. काही कंपन्या वेगवार आकडे देतात. देत नसतील तर मधल्या वेगावर निम्म्याच्या आसपास मिळेल असं धरा. १२० चौरस फुटांच्या खोलीला मधल्या वेगावर १८० हवे असतील तर यंत्र पूर्ण वेगावर ३६० च्या आसपासचं घ्या. थोडं मोठं, थोडं महाग, पण कमी आवाजात तेच काम करणारं. दुकानात यंत्र सुरू करायला सांगा, मधल्या वेगावर ठेवा आणि हातभर अंतरावर उभं राहून ऐका. दुकानात गोंगाट असतो, तिथे जे हलकं वाटतं ते रात्री अडीच वाजता दुप्पट वाटेल हे धरूनच ठरवा. नोकरीनिमित्त दिल्ली-गुडगावकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर आणखी वरचं माप धरावं, कारण तिथल्या हिवाळ्यात बाहेरून फटींवाटे आत येणारा मालच कैक पटींनी जास्त असतो.

यंत्राच्या पोटात काय असावं? बाहेर केस-धागे अडवणारी जाळी, आत हेपा फिल्टर, आणि वासासाठी कोळशाचा थर. हेपाचं तंत्र १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी आकाराला आलं. अमेरिकेच्या व्याख्येनुसार हेपाने ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवले पाहिजेत. ०.३ हाच आकडा का? कारण त्या आकाराच्या आसपासचे कण पकडायला सर्वांत अवघड. त्याहून मोठे कण धाग्यांवर आदळून अडकतात. त्याहून लहान कण हवेत सैरावैरा हलत असतात, त्यामुळे तेही कुठल्या तरी धाग्याला चिकटतात. युरोपीय वर्गवारीतला एच १३ फिल्टर ९९.९५ टक्क्यांचा. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' अशा शब्दांना मात्र काही अर्थ नाही. दर्जा लिहिलेला असेल तरच विश्वास ठेवा. त्याच वेळी एच १३ की एच १४ या वादात फार पडू नका. घरात तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते, त्यामुळे किंचित कमी दर्जाचा फिल्टर पण भरपूर हवा ओढणारं यंत्र हे उत्तम फिल्टर आणि दुबळा पंखा यापेक्षा खोली चांगली साफ ठेवतं. म्हणूनच सीएडीआर आधी.

कोळशाचा थर वास आणि काही वायू शोषतो, पण त्यासाठी कोळसा चांगला काही शे ग्रॅम असावा लागतो. घरगुती यंत्रांत बहुधा काळी भुकटी लावलेली पातळ जाळी असते. ती थोड्या दिवसांत भरते. नव्या रंगाचा किंवा नव्या फर्निचरचा वास घालवण्यासाठी खिडक्या उघडणं जास्त कामाचं. आयोनायझर, प्लाझ्मा असल्या सोयींपासून मी लोकांना परावृत्तच करते. त्यातल्या काही ओझोन सोडतात आणि ओझोन दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला चुरचुरतो. कॅलिफोर्नियात ०.०५० पीपीएमपेक्षा जास्त ओझोन निर्माण करणारा प्युरिफायर विकायला बंदी आहे. तुमच्या पसंतीच्या यंत्रात आयोनायझर असेलच तर तो स्वतंत्र बटणाने बंद करता येतो ना, एवढं पाहा. यूव्ही दिव्याखालून हवा क्षणार्धात निघून जाते, तेवढ्यात जंतू मरतील या भरवशावर जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. गळ्यात अडकवायचे छोटे प्युरिफायर आणि मिठाचे दिवे यांवर तर एक रुपयाही घालवू नका.

झाडांबद्दलही एवढंच सांगते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने छोट्या बंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून प्रयोग केले आणि तेव्हापासून मनी प्लांट, स्नेक प्लांट 'हवा शुद्ध करणारी' म्हणून विकली जातात. २०१९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा खऱ्या घरात खिडकीतून होणाऱ्या हवेच्या ये-जाएवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं, कधी हजारसुद्धा, लागतील असं दिसलं. तेही वायूंपुरतं, धुळीच्या कणांसाठी नव्हे. झाडं हौसेने लावा. दमा असलेल्या माणसाच्या उशाशी सतत ओली माती मात्र नको, तिच्यावर बुरशी धरते.

पैशांचा हिशेब यंत्राच्या किमतीवर थांबत नाही. फिल्टर दर वर्षी, कधी त्याआधीच बदलावा लागतो आणि तो काही हजारांना पडतो. म्हणून यंत्राआधी त्याच्या फिल्टरची किंमत विचारा, तीन वर्षांचे फिल्टर त्यात मिळवा आणि मग दोन यंत्रांची तुलना करा. स्वस्त यंत्र पुष्कळदा इथे महाग ठरतं. तो फिल्टर आज बाजारात मिळतो आहे का, हेही बघा. यंत्र ठणठणीत पण फिल्टर बंद झाला, अशी यंत्रं कितीतरी माळ्यांवर पडून आहेत. विजेची भीती नको. चाळीस वॅटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर महिन्याला बारा युनिट होतात.

फिल्टर किती टिकेल हे तासांवर ठरत नाही, त्याने किती घाण गिळली यावर ठरतं. चिनी मानकानुसार तपासलेल्या यंत्रांच्या माहितीपत्रकात सीसीएम नावाचा आकडा असतो: सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टर किती मिलिग्रॅम कण धरतो. त्यातला पी ४ हा वरचा दर्जा, १२,००० मिलिग्रॅम किंवा अधिक. आता हिशेब करून बघा. १८० सीएडीआरवर रोज दहा तास यंत्र चाललं आणि खोलीतल्या हवेत सरासरी ३० मायक्रोग्रॅम कण राहिले, तर रोज ५४ मिलिग्रॅम फिल्टरमध्ये जातात आणि तो सव्वासात महिने पुरतो. तेच खिडकी उघडी ठेवली, शेजारी धूप जाळला आणि सरासरी ६० झाली, तर चार महिन्यांच्या आतच तो निम्म्या ताकदीवर येतो. घरातला धूर आधी कमी करा असं वर म्हटलं, त्याचा संबंध तुमच्या खिशाशीही आहे.

यंत्र घरी आलं की वीज लावण्याआधी मागचं झाकण काढा. नवा फिल्टर बहुतेकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आतच बसवलेला असतो. पिशवी न काढता महिनोन्महिने यंत्र चालवणारी घरं आहेत: पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागतोय आणि फिल्टर दुकानातून आला तसा पांढराशुभ्र. पिशवी काढली की आतल्या कागदाच्या घड्या आणि रबरी कड बोटाने चाचपा, फिल्टर चारही बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. कडेला फट राहिली तर हवा तिथूनच पळते.

यंत्र भिंतीपासून निदान फूटभर लांब ठेवा; पडद्यामागे, कपाट आणि पलंगाच्या बेचक्यात नको. झोपायच्या तासभर आधी दार-खिडक्या लावून पूर्ण वेगावर चालवा, झोपताना मधल्या वेगावर आणा. छताचा पंखा मंद चालू ठेवला तर हवा चांगली मिसळते, फक्त पात्यांवरची धूळ आधी पुसा. ऑटो मोडवर फार विसंबू नका. त्याचा सेन्सर यंत्रातच असतो. आपल्या आजूबाजूची हवा साफ झाली की तो वेग कमी करतो, पलीकडच्या कोपऱ्यातल्या उशीपाशी काय आहे ते त्याला कळत नाही. शिवाय सेन्सरच्या भोकात धूळ बसली की आकडा चुकतो, आणि धुक्याच्या दमट पहाटे किंवा अंगावर स्प्रे मारल्यावर तो उगाच उसळी घेतो. हजार-दोन हजारांत वेगळं मीटर मिळतं. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक घेतलं तरी भागतं.

त्या मीटरने पहिल्याच आठवड्यात परीक्षा घ्या. खोली बंद करा, पलंगावर मीटर ठेवा, आकडा लिहून घ्या, यंत्र पूर्ण वेगावर लावा. अर्ध्या तासात आकडा निम्म्याच्या बराच खाली यायला हवा. नाही आला तर खिडकीच्या फटी, फिल्टरची बैठक आणि खोलीचं माप पुन्हा तपासा. सगळं ठीक असूनही फरक पडत नसेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत यंत्र परत करा. म्हणून पक्कं बिल आणि खोकं तोवर सांभाळून ठेवायचं.

खिडक्या कायम बंद ठेवणं हेही बरं नाही. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. त्याच्या जाळीला सूक्ष्म कण अडत नाहीत. रात्रभर तिघे-चौघे बंद खोलीत झोपले की सकाळी डोकं जड होतं, ते साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेही असतं. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री बाहेरची हवा सर्वांत जड. दुपारी ऊन तापल्यावर ती वर उठते आणि विरळ होते. घर उघडायचं ते दुपारी. भर रस्त्यावरचं घर असेल तर रहदारीच्या वेळा टाळा. रात्री खोलीचं दार बोटभर किलकिलं राहिलं तर बिघडत नाही, त्यासाठीच तर यंत्र जरा मोठं घेतलंय.

शेजारी बांधकाम असेल तर फिल्टरपुरतं थांबू नका. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली आहे: भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा नेणाऱ्या गाड्यांवर झाकण. समोर हे होत नसेल तर फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला तक्रार द्या. सिमेंटची जाड धूळ हवेत तरंगण्यापेक्षा खाली जास्त बसते. ती झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेली बरी, आणि ज्या खोलीत दमेकरी झोपतो तिथे तरी कोरडा केर काढूच नये.

बाहेरची जाळी दर पंधरवड्याला व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ करा. दिवाळीनंतर ती उघडली की तिच्यावर करड्या लोकरीसारखा थर हाताला लागतो. जाळी धुता येत असेल तर पूर्ण वाळवूनच परत बसवा. हेपा मात्र कधीही धुऊ नका, झटकू नका, उन्हातही आपटू नका. त्याची घडी ओली झाली की धागे चिकटतात आणि तो कायमचा जातो. जूनमध्ये पाऊस स्थिरावला आणि यंत्र ठेवून द्यायचं झालं, तर कोरड्या दिवशी दोन तास चालवून फिल्टर काढा, पिशवीत हवाबंद बांधा आणि पिशवीवर किती महिने वापरला ते लिहून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. दमट माळ्यावर उघडा ठेवलेला फिल्टर ऑक्टोबरमध्ये कुबट वास मारतो. तो वास आला की पुन्हा न लावता नवा घ्या.